वाघोबाशी केलेला करार

शनिवारी घर आवरायला घेतलं आणि धारपांचा एक जुना कथासंग्रह हाती लागला. आवरणं अर्थातच तिथेच थांबलं. नारायण धारप (१९२५-२००८) आमच्या पिढीने पांघरुणात शिरून वाचले. स्टीफन किंगची व्हँपायरवाली कादंबरी 'लुचाई' म्हणून मराठीत आणली ती त्यांनीच. पण मला आठवणारं धारपांचं भय बहुतेक घरात राहतं. जुना वाडा, माळा, कुलूपबंद खोली.

याच्या उलट अल्जरनॉन ब्लॅकवुडची 'द विलोज' (१९०७). तिच्यात घरच नाही! डॅन्यूब नदीतलं वाळूचं बेट, होडीतून आलेले दोघे मित्र आणि चहूकडे विलोची झुडपं. ती रात्रीतून जवळ सरकल्यासारखी वाटतात. बस, एवढंच. शेवटी हे दोघे वाचतात, कारण तिथल्या कुठल्याशा शक्तीला दुसरा बळी मिळतो.

बळी म्हटल्यावर मला एकदम आमचा वाघोबा आठवला. मी बोईसरचा. लहानपणी एका बाजूला एमआयडीसीच्या चिमण्या, आणि मनोरकडे निघालं की रानाच्या कडेला शेंदूर फासलेला वाघ. वारल्यांचा देव. त्याची गोष्ट कुठल्याही गॉथिक कथेला भारी पडेल. एका बाईला लग्नाआधी मूल होतं. ते कधी माणूस, कधी वाघ. ते गावची गुरं खायला लागतं, गाव चिडतं, आणि मध्ये पडते ती आई. ठरतं असं, की गावाने वाघाला रानात जागा द्यायची, पूजा करून कोंबडं-बकरं द्यायचं. त्याने गावाला सांभाळायचं. वाघबारशीला हा करार दरवर्षी रिन्यू होतो म्हणा ना! २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पालघर, ठाणे आणि मुंबई उपनगर मिळून वाघोबाच्या दीडशे स्थानांची नोंद आहे. इथल्या रानात आता वाघ नाही, बिबट्या आहे. करार मात्र चालू.

नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरीची जमीन हलायला लागली. एक मोठा भूकंप नाही, तर छोट्या धक्क्यांची रांगच, काही आवाज करत येणारे. फेब्रुवारी २०१९ मध्ये एक धक्का ४ रिश्टरच्या वर गेला. धुंदलवाडीकडे लोक थंडीत तंबूत झोपले. (मला पुण्याहून फोन, "तारापूरची अणुभट्टी ठीक आहे ना?" १९६९ पासून आहे ती तिथे, पण लोकांना तेव्हाच आठवली.)

डहाणूजवळ राहणाऱ्या मावशीला मी फोनवर विचारलं, "देवाला काही कबूल केलंस की नाही?"

"कोणाला करू रे? वाघ निदान दिसायचा तरी."

तिची खाट अजून दाराशीच आहे. मी दोनदा आत सरकवून आलो. पुढच्या खेपेला परत दाराशी.