लिबर्टी जहाज आणि त्यावरील दिवसाची सफर

लिबर्टी जहाज : दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने एकाच ठराविक नमुन्यावर, झपाट्याने आणि कमी खर्चात बांधलेले मालवाहू जहाज. १९४१ ते १९४५ या काळात १८ कारखान्यांतून अशी २,७१० जहाजे पाण्यात उतरली. पाचेक वर्षे चालली तरी पैसे वसूल, असा बांधणाऱ्यांचा हिशेब होता. त्यांपैकी स्वतःच्या इंजिनावर चालण्याच्या स्थितीत जपलेली दोनच उरली आहेत : सॅन फ्रान्सिस्कोचे ‘जेरेमाया ओब्रायन’ आणि बॉल्टिमोरचे ‘जॉन डब्ल्यू. ब्राउन’. वर्षातल्या मोजक्या दिवशी अशी जहाजे तिकीट काढून आलेल्या माणसांना घेऊन सकाळी धक्का सोडतात आणि संध्याकाळच्या आत परततात. भारतात असे चालते जहाज नाही. तरीही मराठी कोशात ही नोंद हवी, कारण याच घराण्यातल्या एका जहाजाने १९४४ साली मुंबईची गोदी उद्ध्वस्त केली होती.

घराणे. मूळ आराखडा ब्रिटिश, इंग्लंडमधल्या संडरलंडचा. जर्मन पाणबुड्या ब्रिटनची जहाजे नव्या बांधणीपेक्षा जास्त वेगाने बुडवत होत्या, तेव्हा १९४०च्या अखेरीस ब्रिटनने अमेरिकेकडे ६० जहाजांची मागणी नोंदवली. ही ‘ओशन’ मालिका. त्याच आराखड्यावर कॅनडात ‘फोर्ट’ मालिका निघाली, आणि अमेरिकेने त्यात आपले फेरफार करून ‘लिबर्टी’ काढली. ‘ओशन’ व ‘फोर्ट’ जहाजांचे बॉयलर कोळशाचे होते, लिबर्टीचे तेलाचे. बाकी पोलादी पत्र्याचा तोच ठोकळेबाज देह, मालाचे तेच पाच खण, आणि १९४० सालीही जुनाट ठरलेले तेच वाफेचे इंजिन. हे इंजिन मुद्दाम निवडले होते. नवी टर्बाइने आणि त्यांची दातेरी चक्रे बनवणारे कारखाने युद्धनौकांच्या कामात गुंतले होते. तीन सिलिंडरांचे साधे इंजिन मात्र रेल्वेची इंजिने बनवणाऱ्यालाही जमण्यासारखे होते.

लिबर्टीची लांबी सुमारे १३५ मीटर, रुंदी १७ मीटरांच्या आसपास, भारक्षमता १०,८०० टनांची. इंजिन अडीच हजार अश्वशक्तीचे. त्याच्या जोरावर ताशी ११ सागरी मैल, म्हणजे साधारण २० किलोमीटर. पहिले लिबर्टी जहाज ‘पॅट्रिक हेन्री’ २७ सप्टेंबर १९४१ रोजी पाण्यात सोडले. पुढे भाग आधीच जोडून आणायचे आणि गोदीत फक्त सांधायचे, या पद्धतीने काम इतके वेगवान झाले की १९४२ च्या नोव्हेंबरात ‘रॉबर्ट ई. पिअरी’ पाच दिवसांच्या आत उभे राहिले. हा विक्रम प्रचारासाठी होता. एरवी एका जहाजाला दीडेक महिना लागे, आणि तोही वेग थोडा नव्हे. रिव्हेटऐवजी वेल्डिंग वापरल्याने वेळ वाचला, पण त्याची किंमतही मोजावी लागली : थंड समुद्रात काही जहाजांना तडे गेले, काही दुभंगली. दोष निव्वळ वेल्डिंगचा नव्हता. थंडीत ठिसूळ होणारे पोलाद आणि मालखणाच्या तोंडाचे चौकोनी कोपरे ही खरी कारणे होती. केंब्रिजच्या धातुशास्त्रज्ञ कॉन्स्टन्स टिपर यांनी पोलादाच्या या ठिसूळपणाची उकल केली.

मुंबईतले जहाज. ‘फोर्ट स्टिकीन’ हे कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर प्रिन्स रूपर्ट येथे १९४२ मध्ये बांधलेले ७,१४२ टनी जहाज. फेब्रुवारी १९४४ मध्ये ते इंग्लंडमधल्या बर्कनहेडहून निघाले आणि कराचीमार्गे १२ एप्रिलला मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत लागले. पोटात सुमारे १,४०० टन दारूगोळा, सुटी केलेली लढाऊ विमाने आणि ३१ पेट्यांत सोन्याच्या विटा. कराचीला त्यात कापसाच्या सुमारे ८,७०० गाठी, तेलाची पिंपे, लाकूड आणि भंगार यांची भर पडली. दारूगोळ्याशेजारी कापूस रचू नये हे जहाजावरच्या अधिकाऱ्यांना ठाऊक होते, पण युद्धकाळात जागा मिळेल तिथे माल कोंबला जाई.

१४ एप्रिलच्या दुपारी दोन क्रमांकाच्या खणातून धूर दिसला. कापसाच्या गाठीची आग कशी असते, हे भोकरदन-जालना पट्ट्यातल्या जिनिंग-प्रेसिंगवाल्याला सांगायला नको. दाबून बांधलेल्या गाठीतही तंतूंच्या मध्ये हवा अडकलेली असते. आग पृष्ठभागावर विझली तरी आत धुमसत राहते आणि पाणी वरून निथळून जाते. गाठ बाहेर ओढून, फोडून विझवावी लागते. जहाजाच्या खणात ते शक्य नव्हते. बंबवाल्यांनी ९०० टनांहून अधिक पाणी आत सोडले, तरी खाली कापूस पेटतच राहिला. जहाज बुडवावे की ओढून बाहेर न्यावे, यावर कप्तान, गोदीचे अधिकारी, लष्कराचे अधिकारी आणि अग्निशामक दल यांच्यात बोलणी होत राहिली. शेवटचा शब्द कोणाचा, हेच ठरलेले नव्हते. त्या दिवसातली सर्वांत मोठी चूक कोणती म्हणाल, तर हीच. ४ वाजून ६ मिनिटांनी पहिला स्फोट झाला, अर्ध्या तासाच्या आत दुसरा. हादऱ्याची नोंद सिमल्याच्या भूकंपमापकावर झाली. सिंदिया कंपनीचे ‘जलपद्म’ हे जहाज लाटेने उचलून धक्क्यावर आपटले. जळत्या कापसाचा मांडवीपर्यंत पाऊस पडला, धान्याची गोदामे आणि चाळी पेटल्या, हजारो लोक बेघर झाले. सरकारी आकड्यानुसार मृत ८०० च्या आसपास, इतर अंदाज बरेच वरचे. त्यांत अग्निशामक दलाचे ६६ जवान होते. सोन्याच्या विटा गोदीतला गाळ उपसताना पुढची कित्येक दशके सापडत राहिल्या.

गोदीचे नाव घेतले की किनाऱ्यावरच्या माणसालाच ते आपले वाटते, आणि मराठवाड्यातला वाचक जहाजाची गोष्ट परक्याची म्हणून सोडून देतो. खुद्द भोकरदनचा इतिहास मात्र वेगळे सांगतो. केळणा नदीकाठचे हे गाव म्हणजे प्राचीन भोगवर्धन. सांची आणि भारहुतच्या शिलालेखांत तिथल्या दात्यांची नोंद आहे. १९७०च्या दशकातल्या उत्खननात इथे मिळालेली हस्तिदंती स्त्रीमूर्ती, इटलीत पाँपेईच्या राखेखालून १९३८ मध्ये निघालेल्या मूर्तीशी जवळचे नाते सांगते. पाँपेई इसवी सन ७९ मध्ये गाडले गेले. म्हणजे समुद्रापासून तीनेकशे किलोमीटर आतल्या या भागातली कलाकुसर दोन हजार वर्षांपूर्वी कोणत्या ना कोणत्या गलबतात चढली असावी.

युद्धकाळात जहाजांवर चढली ती माणसेही. ब्रिटिश व्यापारी जहाजांवर कोकणातले, गुजरातेतले, गोव्याचे आणि सिल्हेटचे खलाशी मोठ्या संख्येने होते. डेकवर सारंग आणि तांडेल, खाली बॉयलरपाशी आगवाला, इंजिनाशी तेलवाला, भटारखान्यात भंडारी, अशी त्यांची उतरंड. पगार गोऱ्या खलाशाच्या मानाने फारच कमी. १९३९ साली युद्ध सुरू होताच त्यांनी ब्रिटिश बंदरांत संप करून तो वाढवून घेतला. मुंबईत मशीद बंदरच्या खलाशीगृहात या युद्धात समुद्रात गेलेल्या भारतीय व्यापारी खलाशांची नावे जतन केली आहेत. ती सुमारे सहा हजार आहेत. मराठी वाङ्मयात या माणसांना मिळालेली जागा त्या मानाने नगण्य आहे.

वाचलेली जहाजे. ‘जेरेमाया ओब्रायन’ १९ जून १९४३ रोजी अमेरिकेच्या मेन राज्यात साउथ पोर्टलंड येथे पाण्यात उतरले. १९४४ च्या उन्हाळ्यात त्याने नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर सैन्य आणि सामान नेण्यासाठी इंग्लिश खाडीच्या ११ फेऱ्या केल्या. पुढच्या सफरींत ते भारतातही येऊन गेले. १९४६ पासून ते सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या सुइसन उपसागरात राखीव ताफ्यात पडून होते. भोवतालची जहाजे एकेक करून भंगारात गेली. टॉमस पॅटरसन या नौवहन खात्याच्या अधिकाऱ्याला हे जहाज जवळजवळ मूळ रूपात आढळले, आणि भंगाराच्या यादीत त्याचा नंबर त्याने मागे मागे सारत नेला. सरकारी यादी पुढे ढकलण्याचा इतका चांगला उपयोग क्वचितच झाला असेल. १९७९ मध्ये बॉयलर पेटवून ते स्वतःच्या इंजिनावर बाहेर पडले. १९९४ मध्ये, नॉर्मंडीच्या लढाईला ५० वर्षे झाली तेव्हा, बहुतांशी सत्तरीच्या आसपासच्या स्वयंसेवकांनी ते पनामा कालव्यातून पुन्हा नॉर्मंडीला नेले. ‘टायटॅनिक’ (१९९७) चित्रपटात फिरताना दिसणारे इंजिन याच जहाजाचे आहे.

२३ मे २०२० च्या पहाटे ओब्रायन बांधलेल्या धक्क्यावरच्या गोदामाला भीषण आग लागली. ‘सेंट फ्रान्सिस’ या अग्निशामक बोटीने जहाज आणि ज्वाळा यांच्यामध्ये पाण्याची भिंत उभी केली आणि जहाज वाचले. या वेळी पोटात दारूगोळा नव्हता, ही मोठीच सोय. पण कोणी काय करायचे हे ठरलेले असले की किती फरक पडतो, हे मुंबईची गोष्ट माहीत असलेल्याला इथे नेमके दिसते.

‘जॉन डब्ल्यू. ब्राउन’चा मार्ग निराळा. बॉल्टिमोरमध्ये सप्टेंबर १९४२ मध्ये ते तयार झाले, आणि पहिलीच फेरी रशियासाठीचे रणगाडे व इतर युद्धसामग्री घेऊन इराणच्या आखातात झाली. युद्धानंतर न्यूयॉर्कमध्ये १९४६ ते १९८२ ते चक्क तरंगती शाळा होते. नौकानयनाचे शिक्षण घेणारी मुले त्याच इंजिनावर हात काळे करत शिकली, म्हणूनच ते शाबूत राहिले. १९८८ मध्ये स्वयंसेवकांनी ते बॉल्टिमोरला आणले, १९९१ मध्ये ते पुन्हा वाफेवर निघाले. ग्रीसमध्ये पिरियस बंदरात ‘हेलास लिबर्टी’ हे तिसरे जहाज आहे, पण त्याचे फक्त संग्रहालय झाले. ते चालत नाही.

सफर. पाण्यावर निघण्याची तयारी बरीच आधी सुरू होते. थंड बॉयलर एकदम तापवला तर पत्रा आणि नळ्या ताणाने निकामी होतात, म्हणून वाफ हळूहळू चढवावी लागते. सकाळी प्रवासी शिडीने चढतात तेव्हा इंजिनघरातली पाळी केव्हाच कामाला लागलेली असते. ओब्रायनची फेरी सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरात गोल्डन गेट पुलाच्या दिशेने होते. ऑक्टोबरातल्या नौदल सप्ताहात डेकवरून विमानांच्या कसरती दिसतात. ब्राउनची फेरी चेसापीक उपसागरात. तिथे १९४०च्या दशकातली गाणीबजावणी, जुन्या विमानांची लुटुपुटूची चढाई आणि जहाजावरच्या तोफांचे फुसके बार असा सगळा थाट असतो. जेवण तिकिटातच. हा नाटकी भाग मुलांना आवडतो. जाणत्या माणसाने मात्र त्यात वेळ घालवू नये.

त्याने सरळ खाली उतरावे. इंजिनघर पाहायला खुले असते, पण तिथे जायला उभ्या लोखंडी शिड्या आहेत आणि कठडे गरम लागतात. खाली दोन मजली उंचीचे, शंभराहून अधिक टन वजनाचे इंजिन उघडे चालते, कुठेही झाकण नाही. बॉयलरची वाफ आधी लहान सिलिंडरात शिरते, तिथून मधल्यात, मग पावणेदोन मीटर व्यासाच्या मोठ्यात. दाब उतरत जातो तसे सिलिंडर मोठे होत जातात, म्हणजे तिन्ही दट्ट्यांना जवळपास सारखेच काम पडते. पूर्ण वेगातही मिनिटाला ७६ फेरे, त्यामुळे प्रत्येक दांडा डोळ्यांना स्वतंत्र दिसतो. तेलवाला फिरत्या दांड्याच्या लयीत हात घालून सांधा तापला आहे का ते तळहाताने पाहतो. वरून हुकूम तारायंत्रासारख्या घंटेवर येतो : तबकडीवरचा काटा सरकतो, खालचा माणूस तोच काटा जुळवून होकार देतो आणि झडप फिरवतो. आजच्या जहाजावर हे काम बंद खोलीत पडद्यांसमोर चालते. यंत्र कसे काम करते हे न सांगता समजावे, अशी इतकी उघडी जागा आता दुर्मिळ आहे.

अशी सफर हे केवळ पैसे जमवण्याचे साधन आहे, असा आक्षेप घेतला जातो. पैसे त्यातून येतात हे खरे. पण वाफेचे जहाज उभे ठेवले की गंज धरते आणि ते चालवणारी माणसेही संपतात. बॉयलर पेटवायचा, मार्ग काढायचा, सांधे ओळखायचे हे हातातले ज्ञान फेरीच्या निमित्तानेच पुढच्या पिढीकडे जाते. संग्रहालयाच्या काचेमागे ते राहत नाही.

भारतातील स्थिती. १९४३ मध्ये बांधायला घेतलेली, पुढे ‘विक्रांत’ झालेली विमानवाहू युद्धनौका मुंबईत २००१ पासून काही वर्षे संग्रहालय म्हणून खुली होती. २०१२ मध्ये ते बंद झाले आणि २०१४ मध्ये ती मुंबईतल्याच दारूखाना या जहाजतोडणीच्या भागात तोडायला गेली. जगातली जहाजे तोडण्याचा मोठा धंदा ज्या देशाच्या किनाऱ्यावर चालतो, त्याने जपण्यासाठी एकही जुने व्यापारी जहाज बाजूला ठेवले नाही, हा हिशेब चुकलेला आहे. कोकणच्या प्रवासी आगबोटींपैकी एखादी तरी ठेवायला हवी होती.

मुलाबाळांकडे कॅलिफोर्नियात किंवा मेरीलँडमध्ये जाणाऱ्यांनी फेऱ्यांचे वेळापत्रक आधी पाहावे, कारण फेऱ्या वर्षातून थोड्याच आणि काही वर्षी दुरुस्तीमुळे होतही नाहीत. इतर वेळी ओब्रायन धक्क्यावर उभे असताना आतून पाहता येते. पायात घट्ट, न घसरणारे बूट हवेत, गुडघे दुखत असतील तर शिड्यांचा नाद सोडावा. मुंबईत फोर्ट स्टिकीनच्या स्फोटात गेलेल्या जवानांचे स्मारक भायखळ्याच्या अग्निशामक मुख्यालयात आहे, आणि १४ ते २० एप्रिल हा देशभर अग्निशमन सेवा सप्ताह म्हणून पाळला जातो.