नाकाला चिकटवलेली हवा

अमेरिकेतला एक बडा अधिकारी दर आठवड्याला मित्रांबरोबर पोकर खेळायला बसायचा. एकदा त्याच्या हातात तीन एक्के आणि दोन राजे आले आणि त्या पानांवर पैसे लावायच्या आधीच त्याला झोप लागली. तीनपत्ती खेळणाऱ्यांना या प्रसंगाचं गांभीर्य समजावून सांगायला नको. एक्कावन्न वर्षांचा, १२० किलोच्या घरातला हा गृहस्थ पुढे थोड्याच दिवसांत रुग्णालयात दाखल झाला आणि १९५६ साली वैद्यकाच्या इतिहासात जाऊन बसला. बर्वेल आणि त्याच्या सहकाऱ्यांनी त्याच्यावर शोधनिबंध लिहिला आणि आजाराला ‘पिकविकियन’ असं नाव दिलं. डिकन्सच्या ‘पिकविक पेपर्स’ या १८३६-३७ च्या कादंबरीत जो नावाचा एक लठ्ठ पोरगा आहे. खाणं संपलं की तो उभ्याउभ्या झोपतो. नाव तिथून आलं.

निबंधाचा भर होता तो वजनावर, आणि लठ्ठपणामुळे रक्तात साचणाऱ्या कार्बन डायऑक्साइडवर. हा माणूस रात्री नेमका कसा झोपतो, हे पाहायला कुणी खाटेशेजारी खुर्ची टाकून बसलं नव्हतं. शेजारी झोपणाऱ्या कुणालाही विचारलं असतं, तर अर्धं निदान तिथेच झालं असतं.

ते पाहणं सुरू झालं १९६५ च्या सुमाराला, जर्मनीत फ्रायबुर्गला आणि फ्रान्समध्ये मार्सेलला. मेंदूच्या लहरींबरोबर श्वासाचाही आलेख रात्रभर काढला, तेव्हा उलगडा झाला. घशाचा मागचा भाग, म्हणजे जिभेच्या मुळाशी आणि मऊ टाळूमागे असलेली वाट, हाडाच्या किंवा कूर्चेच्या आधाराशिवाय नुसत्या स्नायूंच्या जिवावर उघडी असते. झोपेत हे स्नायू सैल पडतात. काहींची ही वाट मुळातच अरुंद असते. श्वास आत ओढला की ओढीनेच तिच्या भिंती एकमेकींना चिकटतात. छाती-पोट धडपडत असतं आणि हवा मात्र आत जात नाही. प्राणवायू उतरतो, मेंदू माणसाला क्षणभर जागं करतो, घसा उघडतो, मोठ्ठा घुरका होतो आणि पुन्हा तेच, रात्रीतून शेकडो वेळा. हे जागं होणं इतकं पुसट असतं की सकाळी त्यातलं एकदाचंही आठवत नाही. घोरणं हा अर्धवट मिटलेल्या वाटेचा आवाज. वाट पूर्ण मिटली की आवाज थांबतो, आणि घरच्यांना वाटतं, सुटलो, आता शांत झोपले.

दुखणं घशात, तर उपायही घशातच, आणि तो सर्जनच्या हातचा. १९६९ साली जर्मनीत अशा रुग्णाच्या गळ्याला, अडथळ्याच्या खाली, भोक पाडून नळी बसवण्यात आली. दिवसा बूच लावायचं, रात्री काढायचं. उपाय रामबाण होता. लोक वर्षानुवर्षांच्या गुंगीतून बाहेर आले. मात्र जन्मभर गळ्यातली नळी धुवायची, तिथे होणारा जंतुसंसर्ग सांभाळायचा आणि पोहण्याचं नाव काढायचं नाही. सत्तरच्या दशकात स्टॅनफर्डच्या गिलेमिनोने ‘स्लीप अ‍ॅप्निया’ (म्हणजे झोपेत श्वास थांबणं) हे नाव रूढ केलं आणि सडपातळ माणसांनाही हा आजार होतो हे दाखवलं. तेव्हाही गंभीर रुग्णाला देण्यासारखं डॉक्टरांकडे मुख्यतः हेच होतं, गळ्यातलं भोक.

जून १९८० मध्ये सिडनीच्या रॉयल प्रिन्स आल्फ्रेड रुग्णालयात एका रुग्णाने या भोकाला नकार दिला. बांधकामावर राबणारा माणूस, कामावर झोप आवरत नव्हती. पण गळा कापून घ्यायला तयार नव्हता. या नकारातून जे यंत्र जन्माला आलं, त्याच्या कुळकथेत मी डॉक्टरच्या बरोबरीने या माणसाला मान देईन. त्याने मान डोलावली असती, तर डॉक्टरला दुसरं काही सुचवायची गरजच पडली नसती.

डॉक्टर होते कॉलिन सलिव्हन. टोरांटोला इलियट फिलिप्सन यांच्याकडे झोपलेल्या कुत्र्यांच्या श्वासावर काम करून ते सिडनीला परतले होते. कुत्र्याच्या थोबाडावर हवाबंद मुखवटा कसा बसवायचा, यात त्यांचे हात तयार झाले होते. त्यांचा तर्क सरळ होता. भिंती ओढीने मिटत असतील, तर नाकातून थोडी दाबाखालची हवा सतत सोडत राहायची. मोडलेल्या हाडाला बांधलेल्या फळीसारखी ही हवाच घशाला आतून आधार देईल. जास्तीचा प्राणवायू नको, औषध नको. खोलीतलीच हवा हवी. दाबही किती, तर १० सेंटीमीटर उंच पाण्याच्या स्तंभाएवढा, म्हणजे भोवतालच्या वातावरणाच्या दाबाचा साधारण एक टक्का.

हवा फुंकायला त्यांनी व्हॅक्यूम क्लीनरची मोटर घेतली. यात नवल नव्हतं. लंडनच्या पूल्टनने १९३६ सालीच, फुप्फुसात पाणी झालेल्या हृदयरोग्यांसाठी, व्हॅक्यूम क्लीनरच्या फुंकणीवर चालणारं यंत्र वर्णन केलं होतं. सॅन फ्रान्सिस्कोच्या ग्रेगरीने १९७१ मध्ये हेच तत्त्व अपुऱ्या दिवसांच्या बाळांना वापरलं होतं. मोटर होती, तत्त्व होतं. गाडं अडलं होतं ते झोपलेल्या, कुशी बदलणाऱ्या, घाम येणाऱ्या माणसाच्या नाकाला ही हवा रात्रभर चिकटवून कशी ठेवायची, इथे. माझ्या मते या यंत्राची खरी कुळकथा मोटरची नसून त्या चिकटवण्याची आहे.

पहिल्या प्रयोगांत नाकपुड्यांत बसतील अशा मऊ नळ्या घातल्या आणि भोवतीच्या फटी लवकर सुकणाऱ्या वैद्यकीय सिलिकॉनने लिंपल्या. दाब वाढवला तसा श्वास थांबायचा बंद झाला. दाब उतरवला की घसा मिटे, चढवला की उघडे. सलिव्हन यांनी हे रात्री पुन्हापुन्हा करून पाहिलं. इतकं आज्ञाधारक दुखणं वैद्यकात क्वचित भेटतं. रुग्ण कित्येक तास गाढ झोपला आणि सकाळी ताजातवाना उठला. एप्रिल १९८१ च्या ‘लॅन्सेट’मध्ये पाच रुग्णांचा अनुभव छापून आला, लागलेला दाब होता ४.५ ते १० सेंटीमीटर.

मग रुग्ण यंत्र घरी मागू लागले. त्यासाठी प्रत्येकाच्या नाकाचा प्लॅस्टरने साचा घ्यायचा, त्यावरून फायबरग्लासचा मुखवटा घडवायचा आणि तो रोज रात्री सिलिकॉनने चेहऱ्याला चिकटवायचा. सकाळी ओढून काढायचा. मोटरचा घरघराट वेगळाच. घोरण्याचा आवाज गेला आणि मोटरचा आला! तरीही लोक वर्षानुवर्षं हे करत राहिले. आदली झोप काय प्रतीची होती, ते यावरून ओळखावं.

१९८५ मध्ये अमेरिकेच्या रेस्पिरॉनिक्सने तयार यंत्र बाजारात आणलं. सिडनीत सलिव्हन यांचं काम पीटर फॅरेल यांनी उचललं आणि १९८९ मध्ये जी कंपनी उभी केली, तीच आजची रेसमेड. गोंद गेला. दाबानेच फुगून नाकाभोवती बसणाऱ्या मऊ कडा आल्या, डोक्यामागून पट्टे आले. पुढे नाकपुड्यांशी टेकणाऱ्या छोट्या उशाही आल्या.

तपासणीचीही अशीच एक वंशावळ आहे. पूर्ण स्लीप स्टडीत डोक्याला, डोळ्यांशेजारी, हनुवटीला तारा लावतात, नाकाशी श्वासाची नळी, छाती-पोटाला पट्टे आणि बोटाला रक्तातला प्राणवायू मोजणारा चिमटा. हा चिमटा मराठी घरांत करोनाच्या साथीत पोचला. त्यामागचं तत्त्व जपानच्या ताकुओ आओयागी यांचं, १९७४ चं. श्वास किमान दहा सेकंद थांबला की तो मोजायचा. अर्धवट थांबलेलेही धरायचे. तासाला पाचपेक्षा कमी असतील तर ठीक, तीस किंवा जास्त म्हणजे गंभीर. सोबत मेलबर्नच्या मरी जॉन्स यांची १९९१ ची आठ प्रश्नांची चाचणी असते, एपवर्थ. दुपारच्या जेवणानंतर शांत बसल्यावर डुलकी लागण्याचा संभव किती, हा त्यातला एक प्रश्न. पुण्यात तो विचारणाऱ्याने उत्तर जरा सवलतीने मोजावं.

मुंबईत हिंदुजा रुग्णालयातले डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकारी यांनी नेहमीच्या आरोग्य तपासणीला आलेल्या ३५ ते ६५ वर्षांच्या पुरुषांची पाहणी २००४ मध्ये प्रसिद्ध केली. झोपेत श्वासाचा बिघाड १९.५ टक्क्यांत, आणि त्याच्या जोडीला दिवसाची गुंगी ७.५ टक्क्यांत. यातले बहुतेक घरी ‘झोपाळू’ म्हणून खपून गेले असणार. फेब्रुवारी २०२२ मध्ये संगीतकार बप्पी लाहिरी गेले, तेव्हा मृत्यूचं कारण म्हणून याच आजाराचं नाव वर्तमानपत्रांत आलं.

निदान झाल्यावरची अडचण मात्र सलिव्हन यांच्या वेळचीच आहे. पट्टा सैल की हवा डोळ्यांत, घट्ट की नाकाच्या दांडीवर वळ. तोंड उघडं पडलं की घसा कोरडा. अमेरिकेत विम्यासाठी नियमित वापराचं माप आहे, रात्री किमान चार तास आणि दर दहातल्या सात रात्री. आठ तासांच्या झोपेसाठी चार तासांवर समाधान मानावं लागतं, यातच मुखवट्याबद्दलची कबुली आहे. इतर आजारांत गोळी घेतली की नाही हे रुग्णालाच ठाऊक. इथे यंत्र स्वतःच तास मोजून ठेवतं आणि डॉक्टरसमोर चहाडी करतं.

मोटरचा आवाज दाबायला काही यंत्रांत फोम भरला होता. जून २०२१ मध्ये फिलिप्सने (रेस्पिरॉनिक्स तोवर तिच्या पोटात गेली होती) लाखो यंत्रं परत बोलावली. फोम झिजून त्याचे कण श्वासाच्या वाटेत जाण्याचा धोका होता. शांततेची हौस अशी अंगाशी आली.

दरम्यान घराण्याला नव्या शाखा फुटल्या आहेत. खालचा जबडा पुढे धरणारी दातांची पट्टी आहे. जिभेच्या चेतातंतूला झोपेत चालना देणारं, छातीत बसवायचं उपकरण अमेरिकेत २०१४ मध्ये मंजूर झालं. डिसेंबर २०२४ मध्ये तिथेच टिर्झेपटाइड हे वजन उतरवणारं इंजेक्शन या आजारासाठी मान्य झालं, पण लठ्ठपणा असलेल्यांसाठी. अंगाने बारीक आणि जबडा आखूड, अशीही पुष्कळ माणसं आपल्याकडे घोरतात. त्यांच्या घशाची वाट वजनामुळे अरुंद झालेली नाही, त्यामुळे सुईचा त्यांना उपयोग नाही. त्यांना अजून पट्टी, नाहीतर मुखवटाच. आणि मुखवटा घ्यायचा असेल, तर तो दुकानात बसून चेहऱ्याला लावून बघण्यात अर्थ नाही. आडवं होऊन, यंत्र सुरू करून, दोन्ही कुशींवर वळून बघावा.