शंकरपट

शंकरपट हा विदर्भातील बैलजोड्यांच्या शर्यतीचा पारंपरिक प्रकार आहे. बोलीभाषेत त्याला नुसते 'पट' असेही म्हणतात. हलक्या दोनचाकी छकड्याला जुंपलेली जोडी सरळ धावपट्टीवरून कमीत कमी वेळात पळविणे, हे या शर्यतीचे स्वरूप होय. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली, अमरावती व यवतमाळ या जिल्ह्यांच्या ग्रामीण भागात शंकरपट भरविले जातात. प्राण्यांवरील क्रूरतेच्या कारणावरून या शर्यतींवर बंदी आली होती. डिसेंबर २०२१ पासून त्या कायद्याने घातलेल्या अटींनुसार पुन्हा होऊ लागल्या.

स्वरूप

पटासाठी गावाबाहेरील मोकळे शेत किंवा माळरान निवडून त्यावर लांब, सपाट धावपट्टी तयार करतात. काही ठिकाणी दोन समांतर पट्ट्यांवरून दोन जोड्या एकाच वेळी सोडल्या जातात व मागे पडलेली जोडी बाद होते. इतर ठिकाणी प्रत्येक जोडी एकटी धावते आणि तिला लागलेल्या वेळेवरून क्रमांक ठरतो. जोड्यांमधील अंतर अनेकदा सेकंदाच्या काही भागाइतकेच असते. त्यामुळे पूर्वीच्या हातातील घड्याळाची जागा आता बऱ्याच ठिकाणी इलेक्ट्रॉनिक घड्याळाने घेतली आहे.

छकडा हाकणाऱ्यास 'धुरकरी' म्हणतात. जोडी सरळ रेषेत ठेवणे आणि दोन्ही बैलांचा वेग सारखा राखणे ही त्याची मुख्य कामे. एक बैल कितीही चपळ असला तरी जोडीदाराची साथ नसेल तर छकडा एका बाजूला ओढला जातो आणि वेळ वाया जातो. म्हणून पटात एकट्या बैलापेक्षा जुळलेल्या जोडीला मोल असते.

हंगाम व सामाजिक स्थान

खरिपाची पिके घरात आल्यानंतर, साधारणतः हिवाळ्यापासून उन्हाळ्याच्या सुरुवातीपर्यंत, पटांचा हंगाम चालतो. या काळात शेतकऱ्याला थोडी उसंत असते व शेतेही मोकळी झालेली असतात. अमरावती जिल्ह्यातील तळेगाव दशासर आणि भंडारा जिल्ह्यातील लाखनी येथील शंकरपट विशेष प्रसिद्ध आहेत. तळेगाव दशासर येथे महिला धुरकऱ्यांच्या शर्यतीही होतात.

पूर्व विदर्भातील झाडीपट्टीत शंकरपट हा केवळ शर्यतीपुरता मर्यादित नसतो. त्यानिमित्त गावात जत्रा भरते, घरोघरी पाहुणे येतात आणि रात्री झाडीपट्टी रंगभूमीवरील नाटकांचे प्रयोग होतात. गडचिरोली जिल्ह्यातील देसाईगंज (वडसा) हे या नाटक मंडळ्यांचे प्रमुख केंद्र आहे. त्यामुळे एका गावातील पटावर बैलमालकांबरोबरच नट, वादक, मंडपवाले आणि लहान दुकानदार यांचीही कमाई अवलंबून असते.

बैलांच्या जाती

वर्धा, नागपूर आणि मध्य प्रदेशातील लगतच्या जिल्ह्यांत आढळणारी गवळाऊ ही विदर्भाची स्थानिक जात असून ती चपळ चालीसाठी ओळखली जाते. हलका बांधा आणि लांब पल्ला वेगाने गाठण्याची क्षमता यांमुळे मराठ्यांच्या काळात जलद वाहतुकीसाठी तिचा उपयोग होत असे. वर्धा जिल्ह्यातील हेटीकुंडी येथे या जातीच्या पैदाशीचे शासकीय केंद्र आहे. पश्चिम महाराष्ट्रातील शर्यतींत प्रामुख्याने खिल्लार बैल दिसतात.

बंदी व न्यायालयीन लढा

११ जुलै २०११ रोजी केंद्रीय पर्यावरण व वन मंत्रालयाने अधिसूचना काढून, ज्या प्राण्यांचे खेळ करण्यास मनाई आहे त्यांच्या यादीत बैलाचा समावेश केला. अस्वल, माकड, वाघ, बिबट्या आणि सिंह हे प्राणीही त्या यादीत होते. मुंबई उच्च न्यायालयाने मार्च २०१२ मध्ये बैलगाडा शर्यतींवरील बंदी उचलून धरली. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तमिळनाडूतील जल्लिकट्टू आणि महाराष्ट्रातील बैलगाडा शर्यती या दोहोंस मनाई केली. बैल हा ओढकामाचा प्राणी आहे, त्याची शरीररचना घोड्याप्रमाणे धावण्यासाठी नाही आणि वेदना व भीती दाखवूनच त्याला पळविले जाते, असे न्यायालयाचे मत होते.

केंद्र सरकारने ७ जानेवारी २०१६ रोजी काही अटींवर शर्यतींना सूट दिली. परंतु सर्वोच्च न्यायालयाने पाच दिवसांतच तिला स्थगिती दिली. २०१७ मध्ये महाराष्ट्र विधिमंडळाने प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियम, १९६० यात राज्यापुरती दुरुस्ती केली. तिला राष्ट्रपतींची संमती मिळाली, तरी मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१७ मध्ये शर्यतींना परवानगी देण्यास राज्य सरकारला मनाई केली. याच काळात तमिळनाडू व कर्नाटकात तेथील दुरुस्ती कायद्यांनुसार असे खेळ सुरू होते. १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रालाही अंतरिम परवानगी दिली. १८ मे २०२३ रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने तिन्ही राज्यांचे कायदे वैध ठरविले. एखादा खेळ संस्कृतीचा भाग आहे किंवा नाही, याचा निर्णय विधिमंडळावर सोपविणे योग्य, असे घटनापीठाने म्हटले.

नियम

शर्यतीसाठी जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी आवश्यक असते. धावपट्टीची लांबी १,००० मीटरपेक्षा अधिक ठेवता येत नाही. बैलांची पशुवैद्यकीय तपासणी करावी लागते. काठी, चाबूक, टोचणी किंवा विजेचा धक्का देणारे साधन वापरण्यास मनाई आहे. बैलांना वेदना किंवा यातना दिल्यास ५ लाख रुपयांपर्यंत दंड अथवा ३ वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे.

मतभेद

बैलमालक व आयोजकांच्या मते, ट्रॅक्टरमुळे शेतीतील बैलांची गरज कमी होत असताना शर्यत हेच देशी जाती जोपासण्याचे एक मोठे कारण उरले आहे. पटाच्या जोडीला मिळणारा खुराक व निगा सामान्य बैलाच्या वाट्यास येत नाही. प्राणिहक्क कार्यकर्त्यांच्या मते, वेगाची स्पर्धा आणि बक्षिसाची ओढ असेपर्यंत गैरप्रकारांचा धोका राहतो आणि गर्दीच्या मैदानावर नियमांची अंमलबजावणी अवघड असते. कायदेशीर प्रश्न २०२३ मध्ये निकाली निघाला असला, तरी अंमलबजावणीचा प्रश्न प्रत्येक पटाच्या वेळी नव्याने उभा राहतो.

महाराष्ट्रातील इतर प्रकार

पुणे जिल्ह्यातील खेड, जुन्नर, आंबेगाव व मावळ भागात चढाच्या धावपट्टीवर शर्यती होतात. या धावपट्टीस 'घाट' व प्रत्येक धावेस 'बारी' म्हणतात. सांगली, सातारा व कोल्हापूर भागात सपाट मैदानावर, तर रायगड जिल्ह्यात समुद्रकिनाऱ्यावरील वाळूतही शर्यती भरतात.

हेही पाहा

पोळा · गवळाऊ · झाडीपट्टी रंगभूमी · जल्लिकट्टू · कंबळा