थोआ खालसाची विहीर

रावळपिंडी जिल्ह्यातील थोआ खालसा हे एक लहानसे खेडे. १९४७ पूर्वी इतिहासाने त्याची दखल घ्यावी असे तिथे काही घडले नव्हते. २ मार्च १९४७ रोजी खिज्र हयात तिवाना यांनी पंजाबच्या प्रीमियरपदाचा राजीनामा दिला. लाहोर-अमृतसरात पेटलेली दंगल आठवड्याभरातच रावळपिंडीच्या खेड्यापाड्यांत उतरली. थोआ खालसातील शीख वस्ती वेढली गेली. प्रतिकार झाला, वाटाघाटी झाल्या आणि फसल्या. अखेर सुमारे नव्वद स्त्रियांनी, काहींनी पोटच्या मुलांसह, विहिरीत उड्या घेतल्या. विहीर इतकी भरली की मागाहून उडी घेणाऱ्यांना बुडण्यापुरतेही पाणी उरले नाही. म्हणूनच काहीजणी वाचल्या.

मूळच्या रावळपिंडीच्या भीष्म साहनींनी हा प्रसंग ‘तमस’मध्ये आणला. १९७०च्या दंगलीनंतर उद्ध्वस्त भिवंडी पाहिली तेव्हा त्यांना रावळपिंडी आठवली, आणि त्यातून ही कादंबरी उभी राहिली. १९७५ साली तिला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. पंजाबातल्या विहिरीची वाट अशी आपल्या भिवंडीवरून गेली आहे, हे मराठी वाचकाने विसरू नये.

‘तमस’ शिकवताना आम्हीही या प्रसंगाला कैक वर्षे ‘जोहार’ म्हणत आलो. उर्वशी बुटालिया यांचे ‘द अदर साइड ऑफ सायलेन्स’ (१९९८) वाचल्यावर तो शब्द जिभेवर अडखळू लागला. वाचलेल्यांच्या मुलाखतींतून त्यांनी दाखवले की, त्या दिवसांत अनेक स्त्रिया घरातल्याच पुरुषांच्या हातून मारल्या गेल्या आणि त्या हत्यांनाही पुढे ‘हौतात्म्य’ म्हटले गेले. विहिरीकडे जाणारीपुढे दुसरी कोणती वाट खुली होती? तिची इच्छा कोणी विचारली होती का? गौरवाचा शब्द एकदा उच्चारला की हे प्रश्न विचारणे हाच अधर्म ठरतो.

आक्रमकांचा गुन्हा याने तसूभरही हलका होत नाही. पण समूहाची अब्रू स्त्रीच्या देहात ठेवण्याबाबत दोन्ही बाजूंचे एकमत होते, हे कबूल करावेच लागते.

फाळणीनंतर गावात शीख उरले नाहीत; वाचलेल्यांपैकी अनेकांनी दिल्लीत नवे संसार थाटले. गावाचे नाव मागे राहिले, गाव मात्र दोनदा हरवले: एकदा माणसांतून, आणि पुन्हा आपण वापरलेल्या भव्य शब्दांतून. यापुढे वर्गात आम्ही ‘जोहार’ म्हणणार नाही. काय घडले तेवढेच सांगू.