कालकाजीची जत्रा, १७३७

चैत्री नवरात्रात नोएडाहून कालकाजीला जायचे तर मेट्रो सोयीची. बोटॅनिकल गार्डनला बसले की गाडी यमुना ओलांडून थेट मंदिराच्या नावाच्याच स्थानकावर सोडते. बाहेर पडताच उन्हाचा चटका, लाल चुनऱ्यांची दुकाने, नारळ, बत्तासे, पुरी-छोल्यांचे भंडारे आणि कुठे सुरू होते ते न दिसणारी रांग. मागे लोटस टेंपलच्या पांढऱ्या पाकळ्या. शेजारच्या आंटी दरवर्षी अष्टमीला येतात. गेल्या खेपेला त्यांनी मलाही सोबत घेतले. रांगेत त्यांनी सहज विचारले, "तुमचे मराठे दिल्लीला आले होते, तेव्हा इथे दर्शनाला आले असतील ना?"

मी "हो, आले होते" एवढेच म्हणाले. ते खरे होते आणि खोटेही.

त्या दिवसांत मी बाजीराव पेशव्यांच्या एका पत्राचा हिंदी अनुवाद करत होते. दिल्लीवरच्या स्वारीचा वृत्तान्त त्यांनी धाकट्या भावाला, चिमाजीअप्पांना, कळवला ते हे पत्र. ग्रँट डफने १८२६ च्या आपल्या मराठ्यांच्या इतिहासात त्याचा इंग्रजी तर्जुमा दिला, तेव्हापासून ते अभ्यासकांच्या नजरेत आहे. पत्र वाचताना माणूस घोड्यावर बसल्यासारखा पुढे सरकतो, इतकी त्याला गती आहे.

प्रसंग १७३७ च्या वसंतातला. अवधचा सुभेदार सआदतखान याने यमुनेपलीकडे मल्हारराव होळकरांच्या तुकडीला मागे रेटले आणि मराठ्यांना चंबळेपार घालवल्याची बढाई बादशहा मुहम्मदशहाला लिहून पाठवली. दरबाराने त्याचा गौरव केला. बाजीरावांना ही बातमी लागली. आपण हिंदुस्थानातच आहोत हे बादशहाला दाखवून द्यायचे त्यांनी ठरवले. बादशाही फौजा आग्रा-मथुरेच्या बाजूला आपल्याला शोधत असताना त्यांनी त्यांना बगल दिली, आडवाटेने मेवातातून लांबलांब मजला मारल्या आणि दिल्लीच्या दाराशी येऊन ठाकले. बारापुला आणि कालकाभवानीचे देऊळ ही त्या वाटेवरची ठिकाणे. तेव्हा रामनवमी होती. पुस्तकांत ही तारीख कुठे मार्चअखेरची, तर कुठे एप्रिलची दिसते; इंग्रजांचे त्या वेळचे जुने पंचांग आजच्यापेक्षा अकरा दिवसांनी मागे होते. चैत्र मात्र चैत्रच होता, आणि देवळाशी जत्रा भरली होती.

पत्रातले पुढचे चार-दोन वाक्यांचे मजकूर मला अडवून बसले. शहरातून येणारे हत्ती, उंट हाती लागले आणि भवानीच्या जत्रेला आलेल्या शहरच्या लोकांशी झटापट झाली, एवढाच त्याचा आशय. लगेच पुढे राजकारणाची गोष्ट सुरू होते. फारसी तवारिखा मात्र हीच घटना यात्रेकरूंची लूट म्हणून सांगतात; लुटलेले लोक शहराकडे पळाले तेव्हाच मराठे आल्याची खबर दिल्लीला कळली, असे त्यांचे म्हणणे.

झटापट की लूट? हिंदीत दोन्ही शब्द आहेत. अनुवादकाने मूळ लेखकाच्या तोंडी त्याने न वापरलेला शब्द घालू नये, हा माझा नेम. तो मी पाळला. पण तळटीप कितीदा लिहिली आणि खोडली त्याला गणती नाही.

शाळेत आम्ही ही स्वारी वेगाची गोष्ट म्हणून शिकलो. पुढे रिकाबगंज आणि तालकटोऱ्याच्या बाजूला बादशाही सैन्य बाहेर पडले आणि मार खाऊन परतले. मग वजीर कमरुद्दीनखान येऊन पोचताच बाजीराव रेवाडीच्या दिशेने निसटले. हे सगळे अचंबित करणारे आहेच. फेब्रुवारी २०२५ मध्ये त्याच तालकटोऱ्याच्या स्टेडियममध्ये अठ्ठ्याण्णवावे मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हा महाराष्ट्रातून आलेल्या मित्रांना मीच हौसेने सांगत होते, "अहो, इथेच बाजीराव आले होते." जत्रेचा उल्लेख मी तेव्हा एकदाही केला नाही.

खरे तर जत्रा वगळली की पत्राचा गाभाच हातून जातो. बाजीराव त्यात भावाला सांगतात, की दिल्लीची पुरे जाळावीत असा बेत होता, पण तो मोडला. दिल्ली मोठे स्थळ, बादशहा बुडवून लाभ नाही. दरबारात खानदौरान तहाला अनुकूल आहे, अशा वेळी जाळपोळ केली तर राजकारणाचा धागा तुटेल. विचार शहाणपणाचा होता आणि शहर वाचले. पण ज्या हिशेबाने शहर वाचले त्या हिशेबात बादशहा होता, वजीर होता, चौथाई होती. कोट सोडून काही कोसांवर, उघड्या टेकडीवर नैवेद्य घेऊन आलेली माणसे त्यात कुठेच नव्हती. त्यांना मारायचे असे कोणी ठरवले नव्हते. त्यांना सोडायचे असेही कोणी ठरवले नव्हते. ती वाटेत होती.

आजच्या सोयीच्या व्याख्याही इथे उपयोगी पडत नाहीत. देवी हिंदूंची, यात्रेकरू हिंदू, फौज पेशव्यांची आणि देवीचे नाव पत्रात भवानी, म्हणजे आपल्या तुळजापूरचेच. घोडा तरीही थांबला नाही. दोनच वर्षांनी, मार्च १७३९ मध्ये, नादिरशहाने कोटाच्या आतल्या दिल्लीकरांची कत्तल केली. कोटही मग कामाला आला नाही.

आणि एक गोष्ट. कालकाजीच्या आजच्या देवळाचा सर्वांत जुना भाग १७६४ च्या सुमारास मराठ्यांनी बांधला, असे मानले जाते. १८१६ मध्ये अकबरशहा दुसरा याच्या पेशकाराने, राजा केदारनाथाने, त्यात भर घातली. म्हणजे ज्या नावाने एका चैत्रात तिथली माणसे पळाली, तेच नाव एका पिढीनंतर तिथल्या भिंतींशी जोडले गेले. याला प्रायश्चित्त म्हणण्याचा मोह मला झाला होता. पण तसा पुरावा नाही, आणि त्या दिवशी ज्यांचे गाठोडे गेले त्यांना भिंतीचा उपयोगही नव्हता.

दर्शनाला अडीच तास लागले. परतताना आंटींनी कंजकांना वाटायचा हलवा माझ्याही हातावर ठेवला. मेट्रोत बसायला जागा मिळाल्यावर मी त्यांना म्हटले, "मघाशी मी अर्धेच सांगितले." आणि रामनवमी, हत्ती, उंट, जत्रेतली धावपळ असे सगळे सांगितले. त्या ऐकत राहिल्या. यमुना आली तेव्हा म्हणाल्या, "पुढच्या वर्षी लोक पुन्हा आले असतील?"

आले असणार. जत्रा अजून भरते आहे. अनुवादात मी ती झटापट मुळात आहे तशीच ठेवली आणि तळटीप या वेळी खोडली नाही.