गृहशिक्षण, ख्रिस्ती ऑनलाइन (पहिली इयत्ता)

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत शाळेत न जाता घरी शिकणाऱ्या सहा-सात वर्षांच्या मुलांसाठी ख्रिस्ती प्रकाशनसंस्था, खासगी शाळा आणि काही व्यक्ती आंतरजालावरून चालवीत असलेले पहिलीचे वर्ग. वाचन, हस्ताक्षर, अंकगणित आणि बायबल हे त्यांतील मुख्य विषय. विज्ञान, इतिहास, आरोग्य व शिष्टाचार यांना आठवड्यातले थोडेच तास मिळतात. ‘ऑनलाइन’ असे म्हटले, तरी या इयत्तेत पडद्याचे काम दुय्यम असते. मूल स्वतः वाचू लागेपर्यंत त्याच्या शेजारी मोठे माणूस बसावेच लागते आणि ते बहुतेक घरांत आई असते. या वर्गांची घडण समजून घेताना हे ध्यानात ठेवणे आवश्यक आहे, कारण वरच्या इयत्तांसाठी काढलेली कित्येक ऑनलाइन साधने पहिलीपर्यंत उतरतच नाहीत.

पूर्वपीठिका. घरी बसून पहिली शिकण्याची सोय अमेरिकेत आंतरजालाच्या कितीतरी आधीपासून होती. बॉल्टिमोरच्या कॅल्व्हर्ट शाळेने १९०६ मध्ये टपालाने पाठ पाठविण्यास प्रारंभ केला. त्यामागे मुख्याध्यापक व्हर्जिल हिलयर यांची कल्पना होती. हा अभ्यासक्रम धार्मिक नव्हता. तथापि परदेशी राहणारी मिशनरी कुटुंबे त्याच्या प्रमुख ग्राहकांपैकी होती. ख्रिस्ती गृहशिक्षणाची आजची चळवळ मात्र वेगळ्या कारणांतून उभी राहिली. सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये सार्वजनिक शाळांतील प्रार्थना आणि १९६३ मध्ये तेथील बायबलवाचन घटनाबाह्य ठरविले. सनातनी प्रॉटेस्टंट पालकांपैकी अनेकांनी प्रथम ख्रिस्ती खासगी शाळांची वाट धरली आणि पुढे त्यांतील काहींनी मुलांना घरीच ठेवले. कॅल्व्हिनपंथी धर्मचिंतक रूसस रशडूनी यांनी सार्वजनिक शिक्षणावर कडाडून टीका केली आणि घरी शिकविणाऱ्या पालकांवरील खटल्यांत साक्षी दिल्या. या चळवळीत केवळ ख्रिस्ती लोकच होते असे नाही. शाळाव्यवस्थेवर सर्वस्वी निराळ्या दिशेने टीका करणारे जॉन होल्ट १९७७ पासून गृहशिक्षणाला वाहिलेले एक नियतकालिक काढीत होते.

पहिलीच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची नावे रेमंड आणि डोरोथी मूर या दांपत्याची. सेव्हंथ-डे ॲडव्हेंटिस्ट पंथाच्या या शिक्षणतज्ज्ञांनी १९७५ च्या आपल्या पुस्तकात मुलांना औपचारिक शिक्षणात लवकर ढकलू नये, आठ-दहा वर्षांपर्यंत थांबले तरी बिघडत नाही, अशी भूमिका मांडली. ख्रिस्ती मानसशास्त्रज्ञ जेम्स डॉब्सन यांच्या नभोवाणी कार्यक्रमामुळे ती हजारो ख्रिस्ती घरांत पोहोचली. परंतु ज्या घरांनी मूर यांचे ऐकून मुलांना शाळेतून काढले, त्यांतील पुष्कळांनी जी पुस्तके मागविली ती पाचव्या वर्षीच मुलाच्या हाती पेन्सिल देणारी होती. हा विरोधाभास चळवळीत पुढेही कायम राहिला. आजही ‘सहाव्या वर्षी पहिली हवीच का’ या प्रश्नावर गृहशिक्षण करणाऱ्या ख्रिस्ती पालकांत एकमत नाही. इंग्लंडच्या शार्लट मेसन (१८४२–१९२३) यांना मानणारे गट सहाव्या वर्षापूर्वी औपचारिक पाठ नकोत, असे म्हणतात. त्यानंतरचे पाठही ते जेमतेम पाव तासाचे ठेवतात आणि उरलेला वेळ निसर्गनिरीक्षण व गोष्टी यांना देतात.

कायदा. पालकांना मुलाच्या शिक्षणाची दिशा ठरविण्याचा अधिकार आहे, हे तत्त्व पिअर्स खटल्यात (१९२५) मान्य झाले. आमिश या ख्रिस्ती पंथातील पालकांच्या योडर खटल्यात (१९७२) धर्मस्वातंत्र्याच्या अंगाने त्याला बळकटी आली. यांपैकी एकही निकाल थेट गृहशिक्षणाविषयी नाही. मायकेल फॅरिस आणि जे. मायकेल स्मिथ यांनी १९८३ मध्ये गृहशाळा विधी संरक्षण संघ स्थापन केला. या संघाने राज्याराज्यांत खटले लढविले आणि विधिमंडळांवर दबाव आणला. मिशिगनमध्ये १९९३ साली, धार्मिक कारणासाठी घरी शिकविणाऱ्या पालकांवर प्रमाणित शिक्षकाची अट लादता येणार नाही, असा निकाल झाला. टेक्ससमध्ये १९९४ च्या निकालाने घरशाळा ही खासगी शाळाच मानली गेली. सक्तीच्या शिक्षणाचे वय राज्यागणिक वेगळे असल्याने पहिलीचे कायदेशीर स्थानही एकसारखे नाही. वॉशिंग्टन राज्यात सक्ती आठव्या वर्षापासून लागू होते. न्यूयॉर्कमध्ये सहा वर्षांच्या मुलासाठीही वार्षिक आराखडा आणि तिमाही अहवाल द्यावे लागतात, तर टेक्ससमध्ये साधी सूचनाही द्यावी लागत नाही.

प्रसाराची माध्यमे. या क्षेत्रातील सर्वांत मोठ्या नावांपैकी ‘अबेका’ हे फ्लॉरिडातील पेन्साकोला येथील प्रकाशन. आर्लिन आणि बेका हॉर्टन यांनी तेथे १९५४ मध्ये शाळा काढली आणि १९७२ मध्ये पाठ्यपुस्तकांचे काम सुरू केले. प्रकाशनाचे नाव बेका यांच्यावरूनच पडले. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून पेन्साकोलातील प्रत्यक्ष वर्गांचे चित्रण होऊ लागले आणि त्याच्या ध्वनिचित्रफिती कुटुंबांना टपालाने जाऊ लागल्या. पुढे त्यांची जागा डीव्हीडीने आणि नंतर आंतरजालावरील प्रसारणाने घेतली. माध्यम बदलले तरी रचना तीच राहिली. पडद्यावर बाई फळ्यापुढे उभ्या असतात, समोर मुले ओळीत बसलेली असतात आणि घरातले मूल त्या वर्गातल्या आणखी एका बाकावर बसल्यासारखे त्यांच्याबरोबर एका सुरात उत्तरे देते. बाईंना ते मूल दिसत नाही. उत्तर चुकले तर ते शेजारी बसलेल्या आईच्याच लक्षात येते आणि म्हणून तिच्यासाठी प्रत्येक दिवसाची सूचनापुस्तिका वेगळी छापलेली असते. हे नोंदविण्याजोगे आहे, कारण शाळा नाकारून घरी आलेल्या मुलाला इथे शाळेचा वर्गच परत दाखविला जातो. पुष्कळ पालकांना, विशेषतः पहिल्यांदाच शिकविणाऱ्यांना, नेमका त्याचाच आधार वाटतो. मूर आणि मेसन यांच्या अनुयायांना तोच दोष वाटतो.

दक्षिण कॅरोलायनातील ग्रीनव्हिलच्या बॉब जोन्स युनिव्हर्सिटी प्रेसने १९९० च्या दशकात उपग्रहावरून पाठ दाखविण्याची सेवा चालविली होती. त्यासाठी घराला तबकडी बसवावी लागे. नंतर हे पाठही आंतरजालावर आले. त्यांतील शिक्षिका बहुधा कॅमेऱ्याकडे पाहून थेट घरच्या मुलाशी बोलतात आणि बाहुल्या व छोट्या नाट्यप्रवेशांचा वापर अधिक असतो.

ठरलेल्या वेळी भरणारे थेट वर्ग हा तुलनेने नवा प्रकार. व्हर्जिनियातील लिंचबर्गच्या लिबर्टी विद्यापीठाची ऑनलाइन शाळा बालवर्गापासून बारावीपर्यंत चालते. पेन्सिल्व्हेनियातील लँकेस्टरच्या व्हेरिटास प्रेससारख्या संस्था ‘अभिजात ख्रिस्ती’ पद्धतीचे वर्ग घेतात. इंग्रज लेखिका डोरोथी सेयर्स यांच्या १९४७ च्या व्याख्यानावर आधारलेल्या या पद्धतीत लहान वय हे पाठांतराचे वय मानले जाते. त्यामुळे पहिलीची मुले इतिहासातील घटनांचे क्रम आणि व्याकरणाचे नियम गाण्याच्या चालीवर म्हणतात.

आपोआप तपासणी करणारे संगणकीय अभ्यासक्रम पहिलीला जवळजवळ निरुपयोगी ठरतात. अल्फा ओमेगा या प्रकाशनाचा ‘मोनार्क’ हा ऑनलाइन अभ्यासक्रम तिसरीपासून सुरू होतो, आणि पहिलीसाठी तीच संस्था छापील पुस्तके विकते. फुकट मिळणाऱ्यांत २०११ मध्ये एका गृहिणीने आपल्या मुलांसाठी सुरू केलेला ‘ईझी पीझी’ आणि मेसन यांच्या विचारांवरील ‘ॲम्बलसाइड ऑनलाइन’ हे ठळक. दोन्हींत स्वामित्वहक्क संपलेली जुनी पुस्तके भरपूर वापरली जातात. एकोणिसाव्या शतकातील मॅकगफी वाचनमालेची पुस्तके (पहिली आवृत्ती १८३६) त्यामुळे एकविसाव्या शतकातील सहा वर्षांच्या मुलांच्या पडद्यावर दिसतात.

वाचन. पहिलीचा निम्म्याहून अधिक वेळ वाचनाला जातो. ते स्वाभाविकच आहे, कारण प्रॉटेस्टंट परंपरेत वाचता येणे म्हणजे मध्यस्थाशिवाय शास्त्र वाचता येणे. न्यू इंग्लंडमधील वसाहतकालीन अंकलिपीपासून अक्षरओळख आणि धर्मशिक्षण एकाच पुस्तकात बांधलेले आहे.

विसाव्या शतकाच्या मध्यास अमेरिकी सार्वजनिक शाळांत संपूर्ण शब्द चित्रासारखा ओळखण्याची पद्धत रूढ झाली. रूडॉल्फ फ्लेश यांनी १९५५ मध्ये तिच्यावर हल्ला चढविला. ख्रिस्ती प्रकाशकांनी प्रथमपासून ध्वनिपद्धतीची, म्हणजे अक्षराचा उच्चार शिकवून उच्चार जोडत वाचण्याची, बाजू घेतली. अबेकाच्या पद्धतीत आधी ऱ्हस्व स्वर, मग व्यंजने, मग प्रत्येक व्यंजनाला पाचही स्वर क्रमाने लावून होणारे जोड शिकवितात. आपल्याकडच्या बाराखडीशी याचे साम्य मराठी वाचकाला लगेच जाणवेल. फरक इतकाच की इंग्रजीत स्वराचा उच्चार पुढील अक्षरानुसार बदलत असल्याने बाराखडीवर काम भागत नाही. दोन-तीन अक्षरांच्या समूहांचे ‘खास ध्वनी’ तक्त्यांवरून, प्रत्येकासाठी एक शब्द आणि एक चित्र ठरवून, रोज म्हणून घेतले जातात. पहिलीत हे तक्ते पुरे होतात आणि मूल छोट्या गोष्टी वाचू लागते. काही घरांत याऐवजी रोमाल्डा स्पॉल्डिंग यांची सत्तर ध्वनिचिन्हांची पद्धत (१९५७) किंवा झिगफ्रिड एंगलमन आणि सहकाऱ्यांचे शंभर पाठांचे पुस्तक (१९८३) वापरतात. दुसऱ्याचा धर्माशी काहीही संबंध नाही.

अमेरिकी राष्ट्रीय वाचन मंडळाने २००० मध्ये पद्धतशीर ध्वनिशिक्षणाच्या बाजूने अहवाल दिला. २०२२ नंतर अनेक राज्यांनी अंदाजाने शब्द ओळखायला लावणाऱ्या पद्धती शाळांतून काढून टाकल्या. ख्रिस्ती प्रकाशकांची निवड अशा रीतीने मुख्य प्रवाहाने उशिरा उचलली, हे मान्य करावे लागते. मात्र तिच्यामागे संशोधनापेक्षा जुन्या पद्धतीवरील निष्ठा अधिक होती.

वाचनाचा एक अडचणीचा भाग असा : पडद्यापलीकडून मुलाचा उच्चार तपासणे कठीण. चित्रित पाठात ते अशक्यच आणि थेट वर्गात डझनभर मुले असली की प्रत्येकाच्या वाट्याला मिनिट-दोन मिनिटे येतात. म्हणून मोठ्याने वाचून घेणे हे काम सर्वच संस्था पालकांकडे सोपवितात.

हस्ताक्षर. अबेकाने दीर्घकाळ मुलांना थेट जोडअक्षरी लिपी शिकविली. सुट्या अक्षरांचा पर्यायही आता आहे. काही संस्थांच्या कित्त्यांत बायबलमधील वचने गिरवायची असतात.

अंकगणित. बेरीज-वजाबाकीचे पाढे, घड्याळ, नाणी. १९६० च्या दशकातील, संकल्पनांवर भर देणारे ‘नवे गणित’ या प्रकाशकांनी स्वीकारले नाही आणि रोजच्या घोकंपट्टीवर भर कायम ठेवला.

बायबल. सृष्टीची उत्पत्ती, नोहा, अब्राहम, मोशे, दावीद, येशूचा जन्म, दाखले आणि पुनरुत्थान हा क्रम बहुतेक ठिकाणी सारखा आहे. चित्रे दाखवून गोष्ट सांगणे ही पद्धत रविवारच्या शाळेतून आली आहे. पाठांतराची वचने अबेका १६११ च्या किंग जेम्स भाषांतरातून घेते. त्यामुळे रोजच्या बोलण्यात कोठेही न ऐकलेली क्रियापदांची रूपे मुले सहाव्या वर्षी तोंडपाठ म्हणतात. इतर अनेक संस्था आधुनिक भाषांतरे वापरतात. चर्चमधील ‘अवाना’ मंडळात बालवर्ग ते दुसरीच्या मुलांसाठी वचनपाठांतराचा वेगळा गट असतो. पुष्कळ कुटुंबांत घरचा पाठ आणि मंडळाचा पाठ एकमेकांना पूरक ठरतात.

विज्ञान व इतिहास. पहिलीच्या विज्ञानात पंचेंद्रिये, हवामान, ऋतू, प्राणी आणि बिया असतात. सृष्टी सहा दिवसांत निर्माण झाली, ही मांडणी मोठ्या प्रकाशकांच्या पुस्तकांत गृहीत धरलेली असते. तिचा वाद वरच्या इयत्तांत येतो. अबेका आणि बॉब जोन्स यांची पुस्तके वापरणाऱ्या काही माध्यमिक अभ्यासक्रमांना कॅलिफोर्निया विद्यापीठाने प्रवेशासाठी मान्यता नाकारली; त्याविरुद्धच्या खटल्यात २००८ मध्ये न्यायालयाने विद्यापीठाच्या बाजूने निकाल दिला. पहिलीशी त्याचा संबंध दूरचा आहे. इतिहासात राष्ट्रध्वज, संस्थापक आणि सण यांना अधिक जागा असते. या पुस्तकांतील गुलामगिरी आणि मूळ रहिवासी यांच्या चित्रणावर टीका झालेली आहे.

पंथभेद. कॅथलिकांसाठी व्हर्जिनियातील फ्रंट रॉयल येथील सेटन गृहशिक्षण शाळा १९८० पासून काम करते. पहिले कम्युनियन साधारण सातव्या वर्षी होत असल्याने तेथील पहिली ही त्याची पूर्वतयारी असते आणि प्रश्नोत्तररूप धर्मबोध पाठ करविला जातो. मेनोनाइटांच्या ख्रिश्चन लाइट या संस्थेची साधी, अलंकरणरहित पुस्तके इतर पंथीयही घेतात. डोनल्ड हॉवर्ड यांनी १९७० मध्ये टेक्ससमध्ये सुरू केलेल्या ‘ॲक्सलरेटेड ख्रिश्चन एज्युकेशन’मध्ये मूल छोट्या पुस्तिका स्वतः सोडवीत पुढे सरकते, परंतु त्याआधी वाचता यावे म्हणून प्राण्यांच्या गोष्टींवर बेतलेला स्वतंत्र वाचनक्रम मोठ्यांनी शिकवावा लागतो. ऑर्थोडॉक्स : उल्लेखनीय साधने थोडी.

संख्या. अमेरिकी शिक्षण खात्याच्या पाहणीनुसार घरी शिकणारी मुले १९९९ मध्ये सुमारे ८,५०,००० (१.७ टक्के) आणि २०१६ मध्ये सुमारे १७ लाख (३.३ टक्के) होती. घरी शिकविण्याचे सर्वांत महत्त्वाचे कारण म्हणून धार्मिक शिक्षणाचा उल्लेख २०१६ मध्ये १६ टक्के पालकांनी केला. शाळेतील वातावरणाची चिंता हे कारण ३४ टक्क्यांनी दिले. करोनाच्या साथीत, जनगणना विभागाच्या पाहणीनुसार, घरी शिकविणाऱ्या कुटुंबांचे प्रमाण २०२० च्या वसंतातील ५.४ टक्क्यांवरून त्याच वर्षीच्या शरदात ११.१ टक्क्यांवर गेले. कृष्णवर्णीय कुटुंबांत ही वाढ सर्वाधिक होती. त्यामुळे ‘गोरी, ग्रामीण, सनातनी’ हे चळवळीचे रूढ चित्र जुने झाले आहे.

मूल्यमापन व वाद. लॉरेन्स रुडनर यांच्या १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात २०,७६० विद्यार्थ्यांचे गुण राष्ट्रीय सरासरीपेक्षा बरेच वर आढळले. परंतु हे विद्यार्थी बॉब जोन्स विद्यापीठाच्या चाचणीसेवेचे ग्राहक होते, नमुना यादृच्छिक नव्हता आणि अभ्यासाला विधी संरक्षण संघाचा पैसा होता. यावरून सरसकट निष्कर्ष काढता येत नाही, असे खुद्द लेखकानेही बजावले होते. हार्व्हर्डच्या एलिझाबेथ बार्थोलेट यांनी २०२० मध्ये गृहशिक्षणावर सर्वसाधारण बंदी आणि अपवादाने परवानगी सुचविली, त्यावर मोठे वादळ उठले. घरी शिकून मोठ्या झालेल्यांनी २०१३ मध्ये काढलेली एक संघटना बंदीऐवजी किमान देखरेखीची मागणी करते. सार्वजनिक निधीचा प्रश्न नवा आहे. ॲरिझोनाने २०२२ मध्ये, पालकांना मुलाच्या शिक्षणासाठी सरकारी पैसा खात्यात देणारी योजना सर्व मुलांना खुली केली आणि तिच्यातून धार्मिक अभ्यासक्रमही विकत घेता येतात. सरकारी पैशामागून सरकारी नियंत्रण येईल, या भीतीने गृहशिक्षण करणारे कित्येक ख्रिस्ती अशा योजनांच्या विरोधात आहेत.

भारत. २००९ चा शिक्षणहक्क कायदा सहा ते चौदा वयोगटाला लागू आहे; घरशाळेसाठी वेगळी तरतूद त्यात नाही. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेच्या मुक्त मूलभूत शिक्षणाची पहिली पातळी तिसरीशी समकक्ष धरली जाते. पहिलीसाठी परीक्षा नाही.