अल्प वायुदाबाचे मानवी शरीरावरील परिणाम

समुद्रसपाटीपासून उंच जाताना हवेचा दाब कमी होतो. त्यामुळे मानवी शरीरात घडणाऱ्या बदलांना व विकारांना अल्प वायुदाबाचे परिणाम म्हणतात. हे विकार प्रामुख्याने सुमारे २,५०० मीटरपेक्षा अधिक उंचीवर जलद गेल्यास आढळतात.

कारण

पर्वतशिखरावरील हवेतही प्राणवायूचे प्रमाण सुमारे २१ टक्केच असते. मात्र दाब घटल्याने प्रत्येक श्वासासोबत प्राणवायूचे कमी रेणू फुप्फुसांत येतात. नागपूर शहर सुमारे ३१० मीटर उंचीवर वसले आहे. त्यामुळे तेथील सक्करदरा परिसरात हवेचा दाब समुद्रसपाटीपेक्षा केवळ तीन ते चार टक्क्यांनी कमी असतो. महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर कळसूबाई (१,६४६ मीटर) हेही वरील मर्यादेच्या खालीच आहे. सुमारे ३,५०० मीटर उंचीवरील लेह येथे मात्र दाब समुद्रसपाटीच्या सुमारे दोन-तृतीयांश, तर एव्हरेस्ट शिखरावर सुमारे एक-तृतीयांश असतो.

शरीराचे अनुकूलन

उंचीवर पोहोचताच श्वसन व हृदयाचे ठोके वाढतात. पुढील काही दिवसांत मूत्रपिंडे रक्तातील आम्ल-अल्कली समतोल साधतात. तांबड्या पेशींची वाढ होण्यास काही आठवडे लागतात. सपाट प्रदेशातून विमानाने लेहला जाणाऱ्या प्रवाशाला हा अवधी मिळत नाही.

विकार

सौम्य विकारात डोकेदुखी, मळमळ, थकवा व निद्रानाश ही लक्षणे साधारणतः ६ ते १२ तासांत दिसतात. फुप्फुसांत पाणी साचल्यास विश्रांतीतही धाप लागते व खोकला येतो. मेंदूला सूज आल्यास तोल जातो व संभ्रम होतो. ही दोन्ही रूपे प्राणघातक ठरू शकतात. उत्तम शारीरिक क्षमता असलेल्या तरुणांनाही हे विकार होतात.

इतिहास

१८७५ मध्ये फ्रान्समधील ‘झेनिथ’ या बलूनने ८,००० मीटरपेक्षा अधिक उंची गाठली, तेव्हा त्यातील तिघांपैकी क्रोसे-स्पिनेली व सिव्हेल यांचा मृत्यू झाला. फ्रेंच शरीरक्रियाशास्त्रज्ञ पॉल बेर यांनी १८७८ मधील ग्रंथात प्राणवायूचा घटलेला दाब हेच या विकारांचे मूळ असल्याचे मांडले. इंदर सिंग व सहकाऱ्यांनी १९६९ मध्ये हिमालयातील १,९२५ भारतीय सैनिकांच्या पर्वतीय आजाराचा अभ्यास प्रसिद्ध केला.

प्रतिबंध व उपचार

३,००० मीटरच्या वर मुक्कामाची उंची दररोज ५०० मीटरपेक्षा अधिक वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस विश्रांती घ्यावी, असा सर्वसाधारण संकेत आहे. लक्षणे असताना आणखी वर चढणे धोक्याचे असते. गंभीर रुग्णास विनाविलंब खाली आणणे हा मुख्य उपचार होय. प्राणवायू व औषधे ही त्यास पूरक ठरतात.